चौकटीबाहेरचं भूत

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये भूत दिसतच नाही, असं सगळे सांगतात. पडद्यापुरतं ते खरं आहे. जंगलात मात्र चित्रीकरणाच्या एका रात्री भूत हजर होतं. चित्रपटाच्या कलाविभागातल्या एका माणसाला पांढरे चुस्त कपडे घालून, डोक्यावरून पांढरा पायमोजा ओढून झाडांमध्ये उभं केलं होतं. तंबू बाहेरून कुणीतरी गदागदा हलवला, आत झोपलेले तिघं किंचाळत अंधारात पळाले. पळता पळता तिघांतल्या हेदरला बाजूला काहीतरी पांढरं दिसलं आणि ते काय आहे म्हणून ती जिवाच्या आकांतानं ओरडत सुटली. कॅमेरा ज्याच्या हातात होता त्यानं तो त्या बाजूला वळवायचा होता. धावण्याच्या गडबडीत ते राहून गेलं. भूत चौकटीत आलंच नाही. आली ती फक्त हेदरची किंकाळी, फांद्यांवर आपटणारा उजेड आणि धापा.

दिग्दर्शकांनी तो प्रसंग पुन्हा घेतला नाही. आज पाहताना वाटतं, बरं झालं. पायमोजा घातलेला माणूस दिसला असता तर थिएटरात खसखस पिकली असती. हेदरनं काय पाहिलं ते आपल्याला कळत नाही, म्हणून प्रत्येक जण आपापल्या लहानपणातलं काहीतरी काढून तिथं उभं करतो. पंचवीस वर्षं उलटून गेली तरी त्या काही सेकंदांत माझी नजर पडद्याच्या डाव्या कडेला जाते. तिथं काही नाही हे ठाऊक असूनही.

डॅनियल मायरिक आणि एडुआर्डो सांचेझ हे दोघं फ्लोरिडातल्या ऑर्लंडोच्या विद्यापीठात चित्रपट शिकायला एकत्र होते. आपण दोघंही लहानपणी कशाला घाबरलो, याचा हिशेब मांडताना त्यांच्या लक्षात आलं की भुताच्या चित्रपटांपेक्षा गूढ घटनांवरच्या माहितीपटांनी आपली झोप जास्त उडवली होती. कारण त्यांत ‘हे घडलं आहे’ असं कुणीतरी कोरड्या आवाजात सांगत असे. तो कोरडा आवाज त्यांना हवा होता. त्यांनी आपल्या कंपनीचं नाव ‘हॅक्सन’ ठेवलं, १९२२ सालच्या चेटकिणींवरच्या एका मूकपटावरून. मग एक गोष्ट रचली. १७८५ साली ब्लेअर नावाच्या वस्तीतून हाकलून दिलेली एली केडवर्ड नावाची बाई. १९४० च्या दशकात सात मुलांना मारणारा रस्टिन पार नावाचा जंगलातला एकलकोंडा. या साऱ्याचा माग काढायला १९९४ च्या ऑक्टोबरात जंगलात गेलेले आणि परत न आलेले तीन विद्यार्थी. वर्षभरानं त्यांचं चित्रीकरण तेवढं सापडलं. ही चेटकीण मेरीलँडच्या कुठल्याही आजीनं कुठल्याही नातवाला सांगितलेली नव्हती. दोन तरुणांनी ती स्वतःच तयार केली होती. फक्त गोष्ट जिथं घडवली ते मेरीलँडमधलं बर्किट्सव्हिल हे गाव खरं होतं. जेमतेम दोनेकशे वस्तीचं. त्या गावाला पुढं या खोट्या बाईनं भारी पिडलं. लोक गावाच्या वेशीवरच्या पाट्या उचकटून घेऊन जायला लागले, स्मशानात मेणबत्त्या लावून बसायला लागले, आणि गावकरी ‘इथं असं काही घडलेलं नाही हो’ म्हणून सांगून सांगून थकले. पण असं म्हटल्यावर पाहुण्यांचा संशय आणखीच वाढायचा.

चित्रीकरणाची तऱ्हा तर मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थक्क होतो आणि थोडा अस्वस्थही होतो. न्यूयॉर्कला कलाकार निवडताना संवादांचे कागद दिलेच नाहीत. आत गेल्या गेल्या समोरचा म्हणायचा, ‘तुम्ही नऊ वर्षं तुरुंगात काढली आहेत. आम्ही सुटकेचा विचार करणारं मंडळ आहोत. तुम्हाला का सोडावं?’ जो क्षणभर अडखळला तो बाद. अशातून हेदर डॉनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स हे तिघं उरले. त्यांना सांगितलं गेलं की पात्रांची नावं तुमचीच असतील. त्या वेळी हे सोयीचंच वाटलं असणार. दमलेल्या, भेदरलेल्या माणसाच्या तोंडी खोटं नाव टिकत नाही, खरंच निघून जातं.

१९९७ च्या ऑक्टोबरात सेनेका क्रीकच्या राखीव जंगलात हे तिघं आठ दिवस राहिले. सोबत कॅमेरामन नव्हताच. सोळा मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा जोशनं चालवायचा, हायएटचा व्हिडिओ कॅमेरा हेदरनं, आवाज माइकनं टिपायचा. दिग्दर्शक आणि त्यांची माणसं हिरवट कपड्यांत झाडांआड लपून मागून चालायची. तिघांच्या हातात जीपीएसचं यंत्र, त्यात कुठून कुठं जायचं ते बिंदू भरून ठेवलेले. ठरलेल्या जागी प्लॅस्टिकचं एक खोकं सापडायचं. त्यात नव्या बॅटऱ्या, नवी रिळं, थोडं खायला आणि फिल्मच्या छोट्या डब्यांत प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी. एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं वाचायची नाही. म्हणजे आज जोश का चिडला आहे हे हेदरला ठाऊक नाही, हेदर आपलंच घोडं पुढं का दामटते आहे हे माइकला ठाऊक नाही. संवाद त्यांचे त्यांनीच बोलायचे. दिवस सरत गेले तसं खोक्यातलं खाणं कमी होत गेलं. रात्री मोठ्या टेपवर लहान मुलांचे आवाज लावून ते तंबूपर्यंत पोचतील असे ठेवायचे. अगदीच असह्य झालं, सोंग टाकून खरं काही सांगायचं असेल, तर एक परवलीचा शब्द ठरला होता: ‘टाको’. त्या उपाशी मंडळींनी शब्दही खाण्याचाच निवडावा!

चित्रपटात जोश नाहीसा झाल्यावर एका सकाळी तंबूबाहेर त्याच्या शर्टाच्या चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी हेदरला सापडतं. त्यातले दात खरेच माणसाचे होते, एका दंतवैद्याकडून आणलेले. केस जोशचेच होते. हेदर ते उघडते, पाहते, फेकते, हात धुते आणि माइकला काही सांगत नाही. तो प्रसंग नीट पाहा. किंकाळी नाही, पार्श्वसंगीत नाही. नुसता एका माणसानं दुसऱ्यापासून गोष्ट लपवण्याचा आवाज आहे: पाण्याचा, घाईघाईनं हात चोळण्याचा.

मी हा चित्रपट पाहिला तो थिएटरात नव्हे, संगमेश्वरकडच्या मामाच्या घरी, माजघरातल्या टीव्हीवर. मामेभावानं तालुक्याच्या गावातून भाड्यानं सीडी आणली होती. चित्रपट दोन चकत्यांत कापलेला. पहिली संपली की कुणीतरी उठून अंधारात दुसरी घालायची. त्या प्रतीची छपाई इतकी वाईट होती की जंगलात झाड कुठलं आणि माणूस कोण ते ओळखू येत नव्हतं. या एका चित्रपटाचं त्यानं बिघडलं नाही, उलट साधलंच. इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धं कळत होतं, मामाला अजिबात नाही. तो दाराशी सुपारी कातरत बसला होता. दिवसभर एकाच दिशेनं चालून संध्याकाळी ती पोरं पुन्हा ओढ्यावरच्या त्याच आडव्या ओंडक्यापाशी येतात, तो प्रसंग आला आणि मामाचा अडकित्ता थांबला.

‘चकवा लागलाय पोरांना,’ तो म्हणाला. ‘सदरे उलटे घाला म्हणावं, आणि बसा एका जागी उजाडेपर्यंत.’

मामेभाऊ हसला. मी हसलो नाही, कारण मामाला सड्यावर एकदा चकवा लागल्याची हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. देवरुखहून रात्री परतताना एकच किंजळीचं झाड त्याला तीनदा आडवं आलं होतं. तिसऱ्यांदा तो झाडाखाली बसला, सदरा काढून उलटा घातला आणि कोंबडा आरवेपर्यंत हलला नाही. त्या गोष्टीत भूत नव्हतं. वाट होती आणि ती कुठंच जात नव्हती. मेरीलँडच्या जंगलाला मामाचा सडा कसा ठाऊक असणार? पण ओळखीच्या वाटेनं आपल्याला फसवावं, याची भीती दोन्हीकडं एकच निघाली. त्याआधी नकाशा हरवला होता, माइकनं हसत हसत कबूल केलं होतं की तो मीच ओढ्यात लाथाडला, आणि तिघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. ते आठवून मामा घाबरला नाही, संतापला. ‘चकव्यात भांडायचं नसतं रे,’ म्हणाला, ‘तेच त्याला हवं असतं.’ या चित्रपटावरचं इतकं नेमकं परीक्षण मी नंतर कुठल्याही इंग्रजी मासिकात वाचलं नाही. त्यातली चेटकीण काढून टाकली तरी चित्रपट उभा राहतो. तिघांचं भांडण काढून टाकलं तर मागं नुसतं झाडोऱ्याचं चित्रीकरण उरेल.

आठ दिवसांतून वीसेक तासांचं चित्रीकरण निघालं. ते कापायला अनेक महिने गेले. मूळ बेत वेगळा होता: तज्ज्ञांच्या मुलाखती, बातम्यांची कात्रणं आणि मध्ये मध्ये हे सापडलेले तुकडे. कापता कापता दोघांना उमगलं की तुकडेच पुरेसे आहेत. बाकी सगळं बाजूला काढलं आणि ८१ मिनिटांचा चित्रपट उरला. बाजूला काढलेलं वाया गेलं नाही. त्या मसाल्यातून जुलै १९९९ मध्ये सायफाय वाहिनीवर एक खोटा माहितीपट झळकला आणि अनेकांनी तो खरा समजून पाहिला. त्याच्याही आधी सांचेझनं एक संकेतस्थळ तयार केलं होतं. त्यावर चेटकिणीची सनावळी, पोलिसांची छायाचित्रं, हेदरच्या रोजनिशीची पानं. इंटरनेट तेव्हा इतकं नवं होतं की तिथं छापलेलं खोटं असू शकतं, ही शंका लोकांना अजून शिवली नव्हती. आज हा डाव अर्धा दिवसही टिकणार नाही.

जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात मध्यरात्रीचा खेळ झाला. गावभर तिघांची ‘बेपत्ता’ म्हणून पत्रकं चिकटवली होती. आर्टिझन या कंपनीनं अकरा लाख डॉलरना चित्रपट उचलला. कंपनीला शेवट पटेना. माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा आहे, हेदर किंचाळते, कॅमेरा पडतो, संपलं. हे काय झालं, असं लोक विचारत होते. कंपनीनं पैसे देऊन दुसरे शेवट चित्रित करून घेतले. दिग्दर्शक जुन्याला चिकटून राहिले. फक्त सुरुवातीला एका गावकऱ्याच्या तोंडी वाक्य घातलं, की रस्टिन पार एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. एवढ्या एका वाक्यानं तो कोपरा भयंकर झाला. भयपटाची पटकथा शिकवणाऱ्यांनी हा धडा आधी शिकवावा.

मग १९९९ चा जुलै. सुरुवातीला २७ चित्रपटगृहं, पुढं हजारो. त्याच आठवड्यांत ‘द हाँटिंग’ नावाचा आठ कोटी डॉलरचा भयपट लागला होता. त्यात संगणकाच्या जोरावर आख्खा वाडा जिवंत केला होता, भिंती श्वास घेत होत्या, पुतळे हात पुढं करत होते, आणि लोक आरामात पॉपकॉर्न खात होते. इकडं हलत्या कॅमेऱ्यानं काहींना ओकाऱ्या होत होत्या, काही बाहेर येऊन ‘ती पोरं सापडली का हो?’ विचारत होते. जगभरात मिळून चोवीस कोटी ऐंशी लाख डॉलरच्या वर गल्ला झाला. चित्रीकरणाचा मूळ खर्च पस्तीस ते साठ हजारांच्या घरातला सांगितला जातो. नंतर आवाज, छपाई, सफाई यांवर काही लाख गेले, आणि जाहिरातीवर कोट्यवधी. हा शेवटचा आकडा यशाच्या कहाण्यांतून नेहमी गळतो. स्वस्तात केलेला चित्रपट स्वस्तात विकला गेला, असं त्यामुळं वाटत राहतं.

त्या यशानं एक धंदाच उभा केला. ‘सापडलेलं चित्रीकरण’ ही युक्ती नवी नव्हती. इटलीच्या रुजेरो देओदातोनं १९८० साली ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये ती वापरली होती. पण ब्लेअर विचनंतर घरगुती कॅमेरा घेतलेला प्रत्येक पोरगा स्वतःला दिग्दर्शक समजू लागला. क्वचित कुणी खरंच निघालाही. ओरेन पेली या संगणक प्रोग्रॅमरनं सॅन दिएगोच्या स्वतःच्या घरात, झोपायच्या खोलीत तिपाईवर कॅमेरा ठेवून पंधरा हजार डॉलरच्या आसपास ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ केला. तो २००९ मध्ये सर्वत्र लागला तेव्हा त्यानं एकोणीस कोटींवर कमाई केली. आपल्याकडं २०११ मध्ये ‘रागिनी एमएमएस’ आला. त्याच्या यशात भुताचा वाटा किती आणि नावाचा किती, ते सांगायला नको. बाकीच्यांनी हलता कॅमेरा उचलला आणि उपासमार विसरली.

उपासमारीपाशी आलो की माझं मन अडतं. हेदरचा तो प्रसिद्ध प्रसंग घ्या. रात्री एकटी बसून ती कॅमेरा स्वतःकडे फिरवते आणि तिघांच्या आयांची माफी मागते. चौकटीत अर्धाच चेहरा आला आहे, लोकरी टोपी, पाण्यानं भरलेले डोळे, वाहणारं नाक. तिला वाटत होतं की आपला पूर्ण चेहरा टिपला जातो आहे. ती चुकलेली चौकट चित्रपटाचं पोस्टर झाली. त्या नाकाची जगभर टिंगल झाली, विडंबनं झाली. आणि या भूमिकेसाठी तिला वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचा रॅझी पुरस्कार देण्यात आला. म्हणजे आधी ‘हा अभिनय नाहीच, हे खरं आहे’ म्हणून तिकिटं विकली, आणि मग अभिनय वाईट म्हणून तिलाच झोडपलं.

चित्रपट खरा वाटावा म्हणून तिघांनी लोकांपुढं येऊ नये, अशी कंपनीची अपेक्षा होती. इंटरनेटवरच्या चित्रपटकोशात त्यांच्या नावांपुढं ‘बेपत्ता, मृत असावेत’ असं लिहिलेलं होतं. हेदरच्या आईला लोक सांत्वनाची पत्रं पाठवत होते. नट म्हणून आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट घडत असताना ही पोरं जिवंत असल्याचं सांगू शकत नव्हती. माइक लोकांचं घरसामान हलवण्याच्या कामावर होता. कमाईनं दहा कोटींचा टप्पा ओलांडला तेव्हा कंपनीकडून त्यांच्या घरी फळांची टोपली आली. मोठी रक्कम आली नाही. त्यांची खरी नावं आणि चेहरे पुढच्या भागाच्या कामी येऊ लागले, तेव्हा ते न्यायालयात गेले, तडजोड झाली, काही लाख डॉलर हाती आले. कोट्यवधींच्या गल्ल्यापुढं ते किती, हा हिशेब वाचकानं करावा. हेदरनं पुढं अभिनय सोडला आणि शेवटी आपलं नावही बदलून घेतलं. ते नाव गोष्टीतल्या मेलेल्या मुलीचं झालं होतं.

मला हा चित्रपट आवडतो, आजही. पण ‘कमी खर्चात केलेला’ हे त्याचं कौतुक मला आता जसंच्या तसं गिळवत नाही. त्यात कमी होता तो निर्मात्याचा खर्च. थंडी, भूक, जागरण, आपसांतली चीड, स्वतःचं नाव आणि चेहरा हे सगळं तिघांनी आपल्या खिशातून घातलं होतं. पडद्यावर आपल्याला भिववतं ते तेच. दिग्दर्शकांची बुद्धी मोठी होती, यात वाद नाही. चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या, चुका ठेवायचं धाडस त्यांचं. तरी ते बोल तिघांनी उच्चारले, कॅमेरे त्यांनी उचलले, आणि ज्या वीस तासांतून ही ८१ मिनिटं निवडली ते वीस तास त्यांनी जगलेले होते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये लायन्सगेट आणि ब्लमहाउस या कंपन्यांनी ब्लेअर विच पुन्हा नव्यानं काढायचं जाहीर केलं. चित्रपटाचे हक्क आता लायन्सगेटकडे आहेत. तेव्हा हेदर (आताच्या रे हान्स), जोश आणि माइक यांनी मिळून एक जाहीर पत्र लिहिलं. मागण्या तीन होत्या. मागच्या-पुढच्या कमाईतला नटांना रीतीप्रमाणे मिळतो तो वाटा आम्हालाही द्या. आमची नावं किंवा चेहरे कुठं वापरणार असाल तर आम्हाला विचारा. आणि दरवर्षी एका अनोळखी, होतकरू भयपट-दिग्दर्शकाला साठ हजार डॉलरचं अनुदान द्या, कारण आमचा चित्रपट तेवढ्यातच झाला होता.

पंचवीस वर्षांनी मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी तीनपैकी एक मागणी दुसऱ्यांसाठी केली. चोवीस कोटी कमावून देणाऱ्यांच्या या मागण्या मला अतिशय माफक वाटतात, आणि त्या कंपनीनं मुकाट्यानं मान्य करायला हव्यात.